वंशावळीत नसलेली बहीण

“मॅडम, या बाईचं नाव इथं नाहीच.”

कमिटीच्या अध्यक्षांनी एक कागद टेबलावरून माझ्याकडे सरकवला. स्टॅम्पपेपरची झेरॉक्स होती. निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं काही वर्षांपूर्वी जमिनीच्या कामासाठी केलेलं प्रतिज्ञापत्र. त्यात वंशावळ होती, म्हणजे घरात कोण कोणाचं लागतं याचा तक्ता. वर वडिलांचं नाव. शेजारी आईचं, पुढे ‘मयत’. त्याखाली एकच नाव : मुलगा संतोष. शेवटी एक ओळ : ‘याव्यतिरिक्त मला अन्य अपत्य अगर वारस नाही.’

आणि आमच्या फाइलप्रमाणे संतोषला किडनी देणार होती त्याची सख्खी मोठी बहीण, अलका.

“मग ही कोण?” अध्यक्षांनी विचारलं.

तो कागद मीच फाइलला लावला होता. संतोषच्या घरून कागदांचा गठ्ठा आला होता, त्यातला. शिक्का बघितला, नाव बघितलं आणि पंच करून टाकला. वाचला नव्हता.

मी नाशिकच्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर आहे. किडनी काढतात आणि बसवतात ते सर्जन. माझं काम त्याच्या आधीचं आणि नंतरचं. कोण देतंय, कोणाला देतंय, स्वतःच्या मर्जीनं देतंय का, हे सगळं तपासायचं, कागदावर आणायचं आणि कमिटीपुढे ठेवायचं. आपल्या देशात अवयव विकता येत नाही. जवळच्या नात्यातल्या माणसानं दिला तर परवानगी मिळते, पण ते नातं सिद्ध करावं लागतं. कमिटीत बाहेरचे डॉक्टर असतात, सरकारी प्रतिनिधी असतात. त्यांची सही नसेल तर ऑपरेशन थिएटरचा दिवाही लागत नाही.

ज्या फाइलमध्ये नातं सांगणारा एक कागद आणि नातं नाकारणारा दुसरा कागद असतो, ती फाइल बघून कमिटीला एकच संशय येतो. बाई विकत आणलेली आहे.

“शाळेचा दाखला आहे सर,” मी म्हणाले. “त्यावर वडिलांचं नाव तेच आहे. शिवाय एचएलएचा रिपोर्ट आहे. तो भावंडांसारखाच आलाय.”

एचएलए म्हणजे रक्ताची एक तपासणी. दोन माणसांच्या पेशी एकमेकींशी किती जुळतात, ते त्यातून कळतं.

“रक्त जुळतंय, ठीक. पण या घरातलं कोणीतरी शपथेवर खोटं बोललंय. एकतर हे प्रतिज्ञापत्र खोटं किंवा ही बाई. कोण, ते मला कळल्याशिवाय मी सही करणार नाही.”

फाइल परत आली.

अलका बाहेर बाकावर बसली होती. चाळिशीची, सडपातळ, साधी कॉटनची साडी, गळ्यात मंगळसूत्र नाही. देवळाली कॅम्पात एका दवाखान्यात नर्स होती. किडनी देणं म्हणजे काय, हे तिला मी समजावायची गरज पडली नव्हती. उलट पहिल्या भेटीत तिनंच मला संतोषच्या क्रिएटिनिनचे, म्हणजे किडनी किती काम करतेय त्याचे, आकडे विचारले होते. मी तिला केबिनमध्ये नेलं आणि झेरॉक्स पुढे ठेवली.

तिनं ती वाचली. ‘अन्य अपत्य नाही’ या ओळीवर जरा जास्त वेळ थांबली.

“आई गेल्यानंतर केलेलं दिसतंय,” ती म्हणाली. “असं काही असेल, याची कल्पना होती.”

“हे मला आधी सांगायला हवं होतं.”

“तुम्ही विचारलं नव्हतं, मॅडम.”

खरं होतं ते. मी विचारलं होतं : तुम्ही सख्खी बहीण ना? तिनं हो म्हटलं होतं. मी पुढे गेले होते.

मग तिनं सांगितलं. फार लांबण न लावता, पेशंटची हिस्टरी सांगावी तसं. नर्सिंगच्या शिक्षणासाठी ती गावातून नाशिकला आली. होस्टेलवर खोलीतली मैत्रीण ख्रिस्ती होती. तिच्याबरोबर रविवारी एकदा उपासनेला गेली, मग जात राहिली. चार वर्षं जात होती, वाचत होती, प्रश्न विचारत होती. मग एक दिवस बाप्तिस्मा घेतला. सव्विसाव्या वर्षी, स्वतःच्या इच्छेनं.

“लोक म्हणतात, लग्नासाठी धर्म सोडला. सॅम्युएल मला भेटले त्यानंतर दोन वर्षांनी. पण ही गोष्ट कोणाला ऐकायची नसते. बाईनं केलंय म्हणजे पुरुषासाठीच केलं असणार.”

तिनं घरी पत्र लिहून कळवलं. लपवायचं नव्हतं म्हणून. नोकरी लागल्यावरही ती होस्टेलवरच राहत होती. वडील, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, तिथं आले. तिच्या ट्रंकेत घरून आणलेल्या ज्या वस्तू होत्या, त्या काढून घेतल्या. पितळी डबा, गोधडी, आईचा फोटो. आणि म्हणाले, तू आम्हाला मेलीस. तेव्हापासून चौदा वर्षं ती घरी गेली नव्हती.

“एकदा गेले होते,” ती दुरुस्त करत म्हणाली. “आई गेली तेव्हा. फाटकाच्या आत घेतलं नाही.”

“मग आता संतोषला किडनी लागतेय, हे कसं कळलं?”

“वैशालीनं फोन केला. संतोषची बायको. मी तिला कधी पाहिलंही नव्हतं. तिनं नंबर कुठून मिळवला, माहीत नाही. ताई म्हणाली आणि रडायलाच लागली.”

वैशालीचा रक्तगट जुळत नव्हता. तात्या सत्तरीच्या पुढचे, मधुमेही. दुसरं कोणी नव्हतं. अलकाचा गट जुळला, क्रॉसमॅचही चांगली आली. म्हणजे पेशंटच्या रक्तानं तिच्या पेशींवर हल्ला केला नाही. वैद्यकीयदृष्ट्या इतकी सरळ केस आमच्याकडे क्वचित येते.

आमच्या डायरेक्टर सरांना मी जाऊन सांगितलं. ते वैतागले.

“डीएनए करून टाका. विषय संपेल.”

“अध्यक्षांना रक्ताबद्दल शंका नाहीच आहे सर. फाइलमध्ये खोटं प्रतिज्ञापत्र आहे, हा प्रश्न आहे.”

“मग ते काढून टाका फाइलमधून.”

“त्यांनी वाचलंय.”

सर म्हणाले, “ज्यानं लिहिलंय त्यालाच बदलायला सांगा. आणि लवकर. त्या मुलाकडे वेळ नाही.”

वेळ नव्हता हे खरंच. डायलिसिससाठी हातातली शीर आणि धमनी जोडून एक जागा तयार करतात, तिला फिश्चुला म्हणतात. संतोषच्या दोन्ही हातांतले फिश्चुले बंद पडले होते. आता मानेत नळी घालून डायलिसिस चालू होतं आणि त्या नळीला दोनदा इन्फेक्शन झालं होतं. आमचे किडनीचे डॉक्टर मला कॉरिडॉरमध्ये गाठून म्हणाले, “आणखी एक इन्फेक्शन त्याला झेपेल, असं मी धरून चालणार नाही.”

मी डायलिसिस युनिटमध्ये गेले. संतोष छत्तीस वर्षांचा, एके काळचा दणकट गडी. लासलगावच्या मार्केटला स्वतः ट्रॅक्टर घेऊन कांदा नेणारा. आता चेहरा सुजलेला, रंग राखाडी. मी त्याला वंशावळीचं सांगितलं.

तो छताकडे बघत बोलायला लागला. मशिनचा आवाज चालू होता.

“मॅडम, आईच्या टायमाला ती आली होती. फाटकात मी उभा होतो. तात्या आत होते. तात्यांनी नाय सांगितलं मला काही. मीच म्हनलो, तुझं काय काम हाय इथं. ती नुसतं म्हनली, लांबून बघू दे. मी फाटक लावून घेतलं.”

“हे तिला माहीत आहेच.”

“माहीत हाय आन तरी देती. म्हनून तर मला नको वाटतं. तिची किडनी पोटात घेऊन मी रोज उठायचं कसं?”

मी या कामात बरीच वर्षं आहे. पेशंट नाही का म्हणतो, याची कारणं मला पाठ आहेत : दात्याची काळजी, ऑपरेशनची भीती, बायकोचा विरोध. लाजेनं नाही म्हणणारा पहिल्यांदाच पाहत होते. मी इतकंच म्हणाले, “नको असेल तर तसं तिला तुम्ही स्वतः सांगा. माझ्यामार्फत नको.”

त्यानं सांगितलं नाही. दोन दिवसांनी वैशालीनं कळवलं, तात्या नवीन प्रतिज्ञापत्र करायला तयार आहेत, पण त्यांना आधी माझ्याशी बोलायचंय.

त्याआधी दुसरी सही घ्यायची होती. दाता विवाहित असेल तर आम्ही जोडीदाराचीही संमती घेतो. अलकाचा नवरा सॅम्युएल एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात एका कंत्राटदाराकडे इलेक्ट्रिशियन आहे. शिफ्ट संपवून तसाच आला होता, बाहीला ग्रीस लागलेलं. आल्या आल्या म्हणाला, “मॅडम, मी सही करणार नाही.”

अलका शेजारी बसली होती. तिला हे घरूनच माहीत असावं, कारण ती दचकली नाही.

“का?” मी विचारलं.

“हिच्या आईचं दुखणं दोन वर्षं होतं. ही नर्स. दुसऱ्यांच्या आयांना अंघोळी घालायची आणि स्वतःच्या आईपाशी जायची परवानगी नाही. मी बघितलंय हे. आमची मुलगी दहा वर्षांची झाली, तिला आजोबा आहेत, हेच माहीत नव्हतं. आता त्यांना किडनी पाहिजे म्हणून ही मुलगी झाली का त्यांची?”

“सॅम,” अलका म्हणाली.

“बोलू दे मला. पास्टरांनीसुद्धा सांगितलं, घाई करू नको, प्रार्थना कर. चर्चमधल्या बायका म्हणतात, घरात लहान पोर आहे, आधी तिचा विचार कर. कोणीच हिला दे म्हणालं नाही, मॅडम. एकानंही नाही.”

मी ते लिहून घेतलं. कामाच्या दृष्टीनं ते महत्त्वाचं होतं, कारण कमिटी हमखास विचारते, कोणी दबाव आणलाय का. पण लिहिता लिहिता मला जाणवलं, ही बाई एकदा एका घराचं ऐकलं नाही म्हणून एकटी पडली होती. आता दुसऱ्या घराचंही ऐकत नव्हती.

अलका नवऱ्याकडे वळून म्हणाली, “तुम्ही सही केली नाही तर मी देऊ शकणार नाही. मग तुमच्यावर चिडणारही नाही. पण मी रविवारी चर्चमध्ये कशी उभी राहू, ते मला सांगा. ज्या प्रभूसाठी मी घर सोडलं, त्यानं एवढंच तर मागितलंय. आणि हे अवघड आहे म्हणून मी नाही म्हटलं, तर मग घर कशासाठी सोडलं?”

सॅम्युएल हातातल्या हेल्मेटचा पट्टा ओढत बसला. त्या दिवशी त्यानं सही केली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी, ड्यूटीवर जाण्याआधी एकटाच आला, पेन मागितलं, सही केली. “तिला काही झालं तर मी कोणालाच माफ करणार नाही,” म्हणाला. “मी विश्वासात तिच्याइतका पुढे गेलेलो नाही.”

राहिले तात्या.

तहसील कचेरीत जाणं माझ्या कामात बसत नाही. मी रजा टाकून गेले. चूक माझी होती, मी कागद वाचला नव्हता, हे एक कारण. दुसरं, खरं सांगायचं तर, मला बघायचं होतं.

तात्या कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर बसले होते. पांढरं धोतर, टोपी, पायात जाड वहाणा. मी नमस्कार करून शेजारी बसले. त्यांनी एकदम मुद्द्याला हात घातला.

“तिचं नाव लिवलं, म्हंजी जमिनीत तिचा हिस्सा आला.”

“कायद्यानं तो आधीपासूनच आहे, तात्या. नाव वगळल्यानं जात नाही.”

“मंग तिच्याकडनं हक्कसोड लिवून घेऊ. ती देईल. लबाड नाय ती.”

“आत्ता नाही चालणार,” मी म्हणाले. “किडनीच्या आधी किंवा बरोबर जमिनीचा कुठलाही कागद झाला, तर कमिटी म्हणेल हा व्यवहार आहे. तिनं काही सोडलं तरी व्यवहार, तुम्ही तिला काही दिलं तरी व्यवहार. फाइल तिथंच संपेल.”

“म्हंजी तिला काहीच द्यायचं नाय? साडीचोळी पन?”

“साडीला कोणी अडवणार नाही. पण किडनीच्या बदल्यात काहीही नाही.”

ते समोरच्या चिंचेच्या झाडाकडे बघायला लागले. मला वाटतं, त्यांना काहीतरी देऊन मोकळं व्हायचं होतं आणि मी तेवढीच एक वाट बंद केली होती.

तेवढ्यात अलका फाटकातून आत आली. तिची ओळखपत्रंही लागणार होती म्हणून मीच तिला बोलावलं होतं. ती पायऱ्यांशी थांबली. तात्यांनी मान वर केली. चौदा वर्षांनी बापलेक समोरासमोर येत होते आणि मधे प्रतिज्ञापत्रं टाइप करणाऱ्यांची रांग होती.

ती पुढे येऊन वाकली, पायाला हात लावला. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत. आशीर्वादही दिला नाही.

“बारीक झाली,” ते म्हणाले.

“तुम्हीपण.”

मी उठून जायला लागले, तर तात्यांनी हातानं खूण केली, बसा. साक्षीदार हवा असावा, किंवा आधार.

“अलके, मी काय म्हनतो ते ऐक. नाव लिवतो. तुझं नाव लिवायला मला आता लाज नाय. पन तू घरी ये. नवरा येऊ दे, पोरगी येऊ दे. भावकीला काय सांगायचं ते मी सांगतो. तेवढं ते चर्च सोड. देव मनात ठेव ना. मनात कोन बघाया येतं? नुसतं जायचं बंद कर. मंग समदं पयल्यासारखं.”

हे त्यांनी दरडावून सांगितलं नव्हतं. आवाजात अजिजी होती. त्या वयाच्या, त्या मानाच्या माणसानं तहसीलच्या व्हरांड्यात मुलीची विनवणी करावी, हे बघणं अवघड जात होतं. मला आतून वाटून गेलं, म्हण ना हो. नुसतं हो म्हण, पुढचं पुढे बघता येईल.

अलकाचे डोळे भरले होते. तिनं पदरानं नाक पुसलं.

“तात्या, मला घरी यायचंय. रोज यायचंय. स्वप्नात आपली विहीर दिसते मला. पण त्याला बाहेर ठेवून मला आत नाही येता येणार. मनात ठेव म्हणता, तो मनात राहत नाही हो. तो मला इथं घेऊन आलाय.”

“म्हंजी नाय.”

“नाही, तात्या.”

“आन मी सही नाय केली तर?”

“तर संतोषला नाही देता येणार. पण तुम्ही नाही म्हणाल हे माहीत असतं, तरी मी विचारायला आलेच असते.”

टाइप करणाऱ्यानं हाक मारली, कागद तयार आहे. तात्या उठले. मला वाटलं, ते सरळ फाटकाकडे जातील. ते टेबलापाशी गेले आणि म्हणाले, “वाचून दाखवा.”

टायपिस्टनं भरभर वाचलं. पूर्वीच्या प्रतिज्ञापत्रात रागाच्या भरात मुलीचे नाव वगळले होते, ती माहिती चुकीची होती, त्याबद्दल होणाऱ्या कारवाईची मला जाणीव आहे, मला एकूण दोन अपत्ये असून एक मुलगा संतोष व एक मुलगी अलका…

“थांबा,” तात्या म्हणाले. “पोरगी मोठी हाय. तिचं नाव आधी येतं.”

“त्यानं काही फरक पडत नाही, बाबा.”

“पडतो. बदला.”

कागद पुन्हा टाइप झाला. आम्ही पाऊण तास थांबलो. अलका एका टोकाला, तात्या दुसऱ्या टोकाला, मधे मी. मग अधिकाऱ्यासमोर त्यांनी सही केली, मोठ्या, सुट्या अक्षरांत. माझ्या हातात कागद दिला आणि एसटी स्टँडच्या दिशेनं चालायला लागले.

पुढच्या आठवड्यात कमिटीपुढे अलकाची मुलाखत झाली. ही मुलाखत कॅमेऱ्यावर रेकॉर्ड करतात. दात्याला एकट्याला बसवतात, नातेवाईक बाहेर. अध्यक्षांनी प्रतिज्ञापत्र दोनदा वाचलं होतं. त्यांनी तिला थेट विचारलं, “तुमच्या धर्मात सांगितलंय म्हणून देताय का?”

मी जरा ताठ झाले. ‘हो’ म्हणाली असती तर दबाव आहे, असा अर्थ निघू शकला असता. ‘नाही’ म्हणाली असती तर ते खोटं ठरलं असतं.

अलका थोडा विचार करून म्हणाली, “सर, आम्ही रोज प्रार्थनेत क्षमा मागतो. आणि आम्हीही दुसऱ्याला केलीय, असं म्हणतो. आई गेल्यापासून ते वाक्य आलं, की मी गप्प बसायचे. बाकीचे म्हणायचे, मी ओठ हलवायचे. मला कोणी दे म्हणून सांगितलेलं नाही. पण मला ते वाक्य परत म्हणायचंय.”

“म्हणजे तुम्ही त्यांना माफ केलंय?”

“माहीत नाही. फाटक अजून आठवतं. माफ झालं की मग देईन, असं ठरवलं तर संतोष राहायचा नाही. म्हणून आधी देते.”

सरकारी प्रतिनिधींनी चष्मा काढून पुसला. अध्यक्षांनी तिला आणखी तीन प्रश्न विचारले. ऑपरेशनचे धोके माहीत आहेत का, शेवटच्या क्षणी नाही म्हणता येतं हे माहीत आहे का, काही मिळणार आहे का. तिसऱ्याला ती म्हणाली, “नाही. घरीसुद्धा जाता येणार नाही.” अध्यक्षांनी सही केली.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. किडनी जोडल्यावर ती काम करायला लागली, की टेबलावरच लघवी सुरू होते. सर्जनांसाठी तो सगळ्यात सुंदर क्षण असतो. संतोषची लगेच सुरू झाली. अलका सहाव्या दिवशी घरी गेली. जाण्याआधी व्हीलचेअरवरून त्याच्या खोलीच्या काचेपर्यंत तिला नेलं होतं. इन्फेक्शनच्या भीतीनं आत सोडता येत नव्हतं. आतून त्यानं हात जोडले आणि मग तोंड फिरवून घेतलं. तिनं काचेवर हात ठेवला.

तात्या रोज यायचे. संतोषपाशी बसायचे. अलकाच्या वॉर्डच्या दारापर्यंत यायचे, आत जायचे नाहीत. एकदा ड्यूटीवरच्या सिस्टरला विचारताना मी ऐकलं, “तिला भाकरी चालती का? मऊ करून आनली तर?” दुसऱ्या दिवशी वैशालीबरोबर डबा आला. सॅम्युएलनंच तो हातात घेतला, उघडला आणि बायकोपुढे ठेवला.

आता या गोष्टीला दोन वर्षं होऊन गेली. संतोष फॉलोअपला येतो, रिपोर्ट चांगले असतात. अलकाचेही चांगले आहेत, पण तीन महिने वजन उचलायचं नाही म्हटल्यावर दवाखान्यानं तिच्या जागी दुसरी नर्स घेतली. बऱ्याच शोधानंतर तिला काम मिळालं, घरापासून लांब. संतोषच्या तब्येतीसाठी गावी पूजा घातली, तेव्हा तिला बोलावणं आलं. ती गेली, ओसरीत बसली, सगळ्यांच्या पाया पडली, पूजेला आत गेली नाही. भावकीतले दोन म्हातारे ती आहे म्हणून जेवायला थांबले नाहीत. तात्यांनी त्यांना अडवलं नाही. तिलाही उठवलं नाही. नाताळला वैशाली मुलांना घेऊन नाशिकरोडला तिच्या घरी जाते. संतोष एकदा गेला. तात्या अजून गेलेले नाहीत.

मागे फॉलोअपला आली तेव्हा मी अलकाला विचारलं, “ते वाक्य आता म्हणता येतं का?”

“कधी कधी,” ती म्हणाली. “पूर्वी एकदाही येत नव्हतं.”

माझ्यापुरता या केसचा धडा साधा आहे. घरच्यांनी दिलेला प्रत्येक कागद मी आता पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत स्वतः वाचते. दाता का देतोय, हे लिहायला फॉर्ममध्ये रकाना आहे. घेणाऱ्यांनी दात्याला आजवर काय नाकारलं, हे लिहायला नाही. तो प्रश्न मी तोंडी विचारते. बहुतेक घरं आधी रागावतात. मग हळूहळू कोणीतरी बोलायला लागतं.